मनगटातले नावेसारखे हाड : ‘एक्स-रे नॉर्मल’ आल्यानंतरचे चौदा दिवस



क्षयरोग, कुपोषण, सर्पदंश, बाळंतपणातील काळजी हे विषय आदिवासी आरोग्यसेवेत नेहमी येतात आणि ते यायलाच हवेत. या अंकाचा पाठ मात्र पाहणाऱ्याला किरकोळ वाटणाऱ्या एका दुखापतीविषयी आहे. माणूस हात टेकून पडतो. मनगट थोडे सुजते. हात वाकडा दिसत नाही, बोटे हलतात. घरचे म्हणतात, “मुरगळला असेल, दोन दिवसांत बरा होईल.” दवाखान्यात एक्स-रे काढला तर तोही कधी कधी नॉर्मल येतो. तरीही आतले एक लहानसे हाड मोडलेले असू शकते. ते वेळेवर लक्षात आले तर बहुधा साध्या प्लास्टरने जुळते. राहून गेले तर काही वर्षांनी तो हात जड कामाला उपयोगी पडेनासा होतो.

हा पाठ डॉक्टरांसाठी लिहिलेला नाही. पाड्यांवर जाणारे आपले कार्यकर्ते, रुग्णाला सोबत करणारे स्वयंसेवक आणि ज्यांच्या दानावर हे काम चालते ती मंडळी, या सर्वांना रुग्णालयात काय केले जाते, ते का केले जाते आणि त्यात आपला वाटा कुठे येतो हे कळावे, एवढाच उद्देश आहे.

हातावर पोट असलेला परिसर

दिघाशी, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी हा भिवंडी तालुक्याचा ग्रामीण भाग. वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी अशा समाजांचे पाडे या भागात आहेत. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीनंतर वीटभट्टी, मधल्या काळात बांधकाम, गवत कापणी किंवा गोदामातली हमाली असे वर्षाचे काम असते. यांतले प्रत्येक काम मनगटाच्या जोरावर होते. वीट थापणाऱ्याचे उदाहरण घ्या. चिखलाचा गोळा उचलायचा, साच्यात दाबून भरायचा, साचा उलटा करायचा, आणि हे दिवसभर शेकडो वेळा करायचे. मजुरी हजार विटांच्या हिशोबाने मिळते. पुष्कळ कुटुंबांनी हंगामाआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती कामातून फेडायची असते. अशा घरात नवऱ्याचा किंवा बायकोचा एक हात थांबला, की जोडीचेच काम थांबते.

पडण्याचे प्रसंगही याच कामांतून येतात. लावणीच्या दिवसांत निसरड्या बांधावरून पाय घसरतो. भट्टी रचताना विटांच्या थरावरून तोल जातो. झाडावर चढलेला माणूस फांदीसह खाली येतो. भिवंडी–वाडा रस्त्यावरच्या खड्ड्यात मोटरसायकल आदळते. पडताना माणूस आपोआप तळहात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर घेतो. या पाठातली दुखापत नेमकी अशा पडण्यातून होते.

हे हाड कोणते?

आपल्या मनगटात दोन ओळींत बसवलेली आठ छोटी हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड थोडे वाकलेले, लहान होडीसारखे असते. ग्रीक भाषेतील होडीच्या शब्दावरून वैद्यकात त्याला स्कॅफॉइड म्हणतात, मराठीत नौकाकृती हाड म्हणता येईल. आकाराने ते लहान असले तरी मनगटातील हाडांच्या दोन्ही ओळींना जोडणारा तो दुवा आहे. त्यामुळे तळहातावर पडताना त्याच्यावर मोठा ताण येतो. मनगटातील या आठ हाडांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडणारे हाड हेच. ही दुखापत विशेषतः तरुण पुरुषांत, म्हणजे घरात सर्वांत जड काम करणाऱ्या वयात, अधिक आढळते. लहान मुलांत आणि वयस्क स्त्रियांत अशाच पडण्याने बहुधा मनगटाच्या वरचे, हाताचे लांब हाड मोडते. तेव्हा हात अनेकदा वाकडा दिसतो आणि लोक लगेच दवाखाना गाठतात. नौकाकृती हाड मोडले तर बाहेरून फारसे काही दिसत नाही, म्हणून लोक घरीच थांबतात.

या हाडाची दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. शेतात पाट एका टोकाने शिरतो आणि पाणी वाफ्यावाफ्याने शेवटच्या टोकाला पोहोचते, तसे या हाडात बहुतेक रक्त अंगठ्याकडच्या टोकातून शिरते आणि मागे कोपराकडच्या टोकाला जाते. मध्येच बांध फुटला तर शेवटचा वाफा कोरडा पडतो. त्याचप्रमाणे हाड मधोमध किंवा मागच्या टोकाला मोडले, तर मागच्या तुकड्याला रक्त कमी पडते. तो तुकडा जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही, आणि कधी रक्ताविना मरतो. मोडलेले बहुतेक हाड आपोआप सांधते असा आपला अनुभव असतो. या हाडाबाबत त्यावर विसंबून चालत नाही.

पाड्यावर असताना संशय कसा घ्यावा?

अंगठा ताठ करून वर उचलला, की मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी दोन ताणलेल्या शिरांमध्ये एक खळगा दिसतो. पूर्वी युरोपात लोक याच खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला तपकिरीच्या डबीचे नाव आहे. आपल्याकडे तपकीर ओढणारी आजी-आजोबा मंडळी अजून आहेत, त्यामुळे हे नाव कार्यकर्त्यांच्या लक्षात राहील. नौकाकृती हाड बरोबर या खळग्याच्या तळाशी असते.

हात टेकून पडलेल्या माणसाच्या या खळग्यात बोटाने हलकेच दाबावे, मग दुसऱ्या हाताच्या खळग्यात तितकेच दाबून पाहावे. दुखऱ्या बाजूला स्पष्ट जास्त दुखत असेल तर हाड मोडल्याचा संशय धरावा. मुठीत काही घट्ट धरताना किंवा बादली उचलताना अंगठ्याच्या बाजूला कळ येत असेल, तर संशय अधिक बळावतो. निदान करणे हे आपले काम नाही. संशय घेणे आणि रुग्णाला पुढे पाठवणे हे आपले काम आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. सूज येण्याआधी त्या हातातील बांगड्या, कडे, अंगठी काढावी. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटांचा रक्तपुरवठा अडवतात.

२. मनगट ज्या स्थितीत आरामात आहे त्याच स्थितीत ठेवावे. जाड पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र खाली धरून रुंद कापडाने बांधावे. बोटांची टोके उघडी राहावीत, म्हणजे त्यांचा रंग पाहता येतो.

३. हात झोळीत घालून छातीशी वर ठेवावा.

४. चोळू नये, ओढू नये, ‘कट्ट’ असा आवाज काढून बसवू नये.

५. बोटे बधिर किंवा थंड पडली, निळसर झाली, हात उघड वाकडा दिसत असेल किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हाडवैद्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पाड्यावर लोकांचा पहिला विश्वास त्याच्यावर असतो, तो जवळ राहतो आणि पैशासाठी अडून बसत नाही. त्याची निंदा करून आपल्याला काही साधणार नाही. त्याच्याशी बोलावे, खळग्याची ही खूण त्यालाही दाखवावी आणि दोन गोष्टींची विनंती करावी : बांबूच्या कामट्या आवळून बांधू नयेत आणि मनगट चोळू नये. घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू रक्ताविना मरतात आणि बोटे कायमची आखडतात. ही हानी मूळ दुखापतीपेक्षा मोठी असते.

रुग्णालयात काय केले जाते?

गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तपासतात, वेदनाशामक देतात, हाताला आधार बांधतात. एक्स-रे तेथे सहसा नसतो. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे लागते. या भागासाठी ते म्हणजे भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढे ठाण्याचे जिल्हा रुग्णालय.

तेथे डॉक्टर तीन ठिकाणची वेदना पाहतात. पहिली त्या खळग्यातली. दुसरी तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या घडीजवळ अंगठ्याच्या रेषेत लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावरची. तिसरी अंगठा त्याच्या लांबीच्या रेषेत मनगटाकडे हलकेच दाबल्यावर होणारी. हाड मोडले असेल तर पहिल्या दिवसांत खळग्यात दुखतेच असे जवळजवळ म्हणता येते. पण उलट खरे नाही. खळग्यात दुखणाऱ्या पुष्कळांचे हाड शाबूत असते, त्यांना नुसता मुका मार किंवा अस्थिबंधाची ओढ असते. म्हणून डॉक्टर एकाच खुणेवर थांबत नाहीत, तिन्ही खुणा एकत्र पाहतात.

यानंतर एक्स-रे. साध्या मनगटाच्या दोन चित्रांत हे वाकडे हाड शेजारच्या हाडांच्या सावलीत लपते. म्हणून हात करंगळीच्या बाजूला वळवून आणि तिरका धरून आणखी चित्रे काढतात. त्याला स्कॅफॉइडचे एक्स-रे म्हणतात. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने पडण्याची हकिगत आणि खळग्यातले दुखणे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे योग्य चित्रे मागवली जातात. “हात दुखतो” एवढेच सांगितले तर गर्दीच्या ओपीडीत साधा एक्स-रे होऊन रुग्ण परत येण्याचा संभव असतो.

एक्स-रे नॉर्मल आला, पुढे काय?

ताज्या मोडीची रेष केसासारखी बारीक असू शकते. हाडाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून असतील तर पहिल्या दिवशी ती एक्स-रेवर उमटत नाही. खळग्यात दुखते पण एक्स-रे नॉर्मल आहे, अशा शंभर रुग्णांतील साधारण दहा ते वीस जणांचे हाड पुढे मोडलेले आढळते. दहा-बारा दिवसांत मोडीच्या कडांवरचे हाड थोडे विरघळते, रेष रुंदावते आणि मग ती दिसू लागते.

म्हणून जगभर रुढ असलेली जुनी पद्धत अशी आहे : संशय असेल तर एक्स-रे नॉर्मल असूनही मोडले आहे असे धरून हात आधारात ठेवायचा, आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे काढायचा. आधार म्हणजे तयार मनगटपट्टा किंवा ‘स्लॅब’ म्हणतात ते अर्धे प्लास्टर. दुसऱ्या तपासणीत दुखणे गेलेले असेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर आधार काढतात. रेष दिसली तर पूर्ण प्लास्टर घालतात. एक्स-रे पुन्हा नॉर्मल आला पण खळग्यात अजून दुखते, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो, कारण दुसरा एक्स-रेही मोड हुकवू शकतो.

या पद्धतीची किंमत आपण डोळ्यांआड करू नये. शंभरांतील दहा-वीसांचे हाड वाचावे म्हणून उरलेल्या ऐंशी-नव्वद जणांना हाड शाबूत असताना दोन आठवडे हात बांधून बसावे लागते. पगारी माणसाला ती रजा असते. हजारी दराने विटा थापणाऱ्याला ते चौदा दिवसांचे धान्य असते. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी सूज उतरली, की तो स्लॅब सोडून कामावर जातो. त्याला आपण अडाणी म्हणू नये. त्याच्यासमोरचा हिशोब साधा आहे : कागदावर नॉर्मल लिहिले आहे, दुखणे कमी झाले आहे आणि घरात पोरे आहेत.

मोठ्या रुग्णालयांतील नवी पद्धत हा प्रश्न लवकर सोडवते. एमआरआयमध्ये ताजी मोडही पहिल्या काही दिवसांत दिसते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली, नीट तपासणीनंतर या हाडाचा संशय असेल तर पहिलीच तपासणी म्हणून एमआरआयचा विचार करावा, असे सुचवले. हाड शाबूत निघाले तर माणूस लवकर मोकळा होतो, मोडलेले निघाले तर उपचार लगेच सुरू होतो. आपल्याकडे साध्या मनगटासाठी एमआरआय सहज मिळत नाही, म्हणून चौदा दिवसांची पद्धतच बहुतेकांच्या वाट्याला येते. ती निरुपयोगी नाही. मात्र रुग्ण दुसऱ्यांदा आला तरच ती उपयोगी पडते.

मोड सापडल्यावर उपचार

हाड मधोमध मोडले असेल आणि तुकडे जागेवर असतील, तर कोपराच्या खालपर्यंतचे प्लास्टर पुरते. पूर्वी अंगठाही प्लास्टरमध्ये घेण्याचा आग्रह असे. १९९१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंगठा मोकळा ठेवला तरी हाड तितकेच जुळते असे आढळले. अंगठा मोकळा असलेला माणूस निदान ताट धरू शकतो, सदऱ्याची बटणे लावू शकतो. प्लास्टर साधारण सहा ते बारा आठवडे राहते. जागेवर असलेली अशी बहुतेक हाडे, शंभरांतील नव्वदांहून अधिक, प्लास्टरने जुळतात.

तुकडे सरकले असतील, मोड कोपराकडच्या टोकाला असेल किंवा मनगटातील इतर हाडेही जागेवरून निसटली असतील, तर शस्त्रक्रिया करून आत स्क्रू बसवतात. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद टिमोथी हर्बर्ट यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला बिनडोक्याचा स्क्रू यासाठी नावाजला. त्याच्या दोन टोकांच्या आट्यांचे अंतर वेगळे असते, त्यामुळे तो फिरवत आत गेला की हाडाचे तुकडे एकमेकांकडे ओढले जातात.

मग सगळ्यांनाच सरळ शस्त्रक्रिया का करू नये? हा प्रश्न इंग्लंड आणि वेल्समधील ३१ रुग्णालयांनी ४३९ प्रौढ रुग्णांवर तपासला आणि २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधोमध मोडलेल्या आणि दोन मिलिमीटरपेक्षा जास्त न सरकलेल्या हाडात वर्षानंतर प्लास्टरवाले आणि स्क्रूवाले यांच्या हातांत मोठा फरक आढळला नाही. म्हणून आधी प्लास्टर घालावे, हाड जुळत नाही असे दिसले तर मात्र विलंब न लावता स्क्रू बसवावा, असे त्या अभ्यासाने सुचवले. आपल्या लोकांसाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे. अशा मोडीचा पहिला उपचार तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकतो. पण ‘जुळत नाही असे दिसले तर’ या अटीत पुन्हा तपासणीला येणे आलेच.

प्लास्टर घालून घरी आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर किंवा झोळीत वर ठेवावा. उघडी बोटे, खांदा आणि कोपर दिवसातून अनेकदा हलवावे, नाहीतर तेही आखडतात. प्लास्टर भिजू देऊ नये. पावसाळ्यात बाहेर पडताना त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. खाज आली म्हणून आत काडी घालू नये. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हाड जुळायला अधिक अडचण येते, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. प्लास्टर आतून आवळू लागले, बोटे सुजली आणि हात वर ठेवूनही उतरत नाहीत, बधिरपणा किंवा असह्य वेदना आहे, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. प्लास्टर सैल झाले किंवा तुटले तरी जावे, घरी कापून टाकू नये.

राहून गेले तर

उपचाराला चार आठवड्यांहून जास्त उशीर झाला, तर हाड न जुळण्याचा धोका बराच वाढतो. न जुळलेल्या हाडावर काम चालू राहिले, की मनगटाची रचना हळूहळू खचते, सांधा झिजतो, पकड कमकुवत होते. हे काही वर्षांत घडते, म्हणून त्या जुन्या पडण्याशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही. पुढे शरीराच्या दुसऱ्या भागातील हाडाचा तुकडा आणून जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि सांधा फार झिजला असेल तर मनगटाची हालचाल कमी करून वेदना थांबवणे एवढेच हाती उरते. जे काम एका प्लास्टरने झाले असते, त्यासाठी मग मुंबईच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

वचनाच्या प्रकाशात

वाळलेल्या हाताच्या मनुष्याची गोष्ट मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. त्याचा उजवा हात वाळला होता, हे मात्र फक्त लूक सांगतो (लूक ६:६). कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूकला वैद्य म्हटले आहे. रुग्णाचा कोणता हात निकामी आहे, हे वैद्याच्या नजरेला महत्त्वाचे वाटले असावे, कारण त्यावर त्या माणसाची भाकर अवलंबून होती. प्रभू येशूने त्याला सभास्थानाच्या मध्यभागी उभे केले. जो हात लोकांना किरकोळ वाटत होता, तो त्याने सर्वांना पाहायला लावला.

दुसरा उतारा आपल्या अधिक परिचयाचा आहे : लूक १०, चांगला शोमरोनी. आपण बहुधा त्याच्या पहिल्या कृतीपाशी थांबतो. त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला. हा प्रथमोपचार झाला. पण गोष्ट तेथे संपत नाही. त्याने जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, म्हणजे वाहनाची सोय केली. रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी पैसे दिले, आणि अधिक खर्च लागला तर परत येईन तेव्हा फेडीन असे सांगितले. म्हणजे आज मलमपट्टी झाल्यावर त्याची जबाबदारी संपली नव्हती. तो परत येण्याची तयारी ठेवून निघाला होता. आपल्या आरोग्यशिबिरांकडे या नजरेने पाहावे. एका रविवारी औषधे वाटून आपण निघतो. चौदाव्या दिवशी त्या पाड्यावर कोण जाते?

मंडळीने काय करावे?

पहिली गरज चौदा दिवसांच्या शिध्याची आहे. हात बांधलेल्या मजुराच्या घरी दोन आठवड्यांचे तांदूळ, डाळ, तेल पोहोचले, तर तो स्लॅब सोडणार नाही. आपल्या मदतनिधीतून औषधांना पैसे देणे सोपे वाटते, कारण पावती मिळते. या दुखापतीत शिधा हाच उपचाराचा भाग आहे, हे देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गरज दुसऱ्या फेरीची. पहिल्यांदा जाताना दुखणे असते, म्हणून घरचे कसेही नेतात. दुसऱ्यांदा दुखणे कमी असते आणि गाडीभाडे तेवढेच असते. त्या दिवसाचे भाडे आणि सोबत एक माणूस, एवढी सोय प्रत्येक सेवाकेंद्राने करावी. कार्यकर्त्याच्या वहीत रुग्णाचे नाव, पाडा, पडल्याची तारीख आणि पुन्हा तपासणीची तारीख अशी नोंद असावी. भट्टीवरची कुटुंबे हंगाम संपताच गावी परततात, म्हणून मूळ गावही लिहून घ्यावे. आशाताईंना ही तारीख कळवून ठेवावी.

तिसरी गरज कागदपत्रांची. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मात्र हा निर्णय लागू नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ती बसते का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार लागते. कातकरी कुटुंबांकडे नेमकी हीच कागदपत्रे अनेकदा नसतात. ती मिळवून देण्याचे काम आजारपणाच्या आधी करावे.

रुग्णासोबत जाणाऱ्याने परतण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे केसपेपरच्या मागे लिहून घ्यावीत : नौकाकृती हाडाचे वेगळे एक्स-रे काढले आहेत का? एक्स-रे नॉर्मल असला तरी संशय बाकी आहे का? आधार किती दिवस ठेवायचा आणि कोणते काम चालेल? पुन्हा कोणत्या तारखेला, कोणत्या ओपीडीत यायचे? तेव्हाही दुखत राहिले तर पुढची तपासणी कुठे होईल?

मालकाशी बोलणे हे चौथे काम. हात बांधलेल्या मजुराला हिशोब ठेवणे, पाणी देणे, विटा मोजणे असे एका हाताचे काम काही दिवस देता येते. पाळक किंवा मंडळीतील वडीलधारी व्यक्ती समजुतीने बोलली, तर काही मालक ऐकतातही. उचलीच्या भीतीने मजूर स्वतः हे बोलू शकत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. हात वाकडा दिसत नसूनही हाड मोडल्याचा संशय केव्हा घ्यावा? आपल्या गटात प्रत्येकाने स्वतःच्या हातावर तो खळगा शोधून दाखवावा.

२. एक्स-रे नॉर्मल असताना डॉक्टर हात का बांधून ठेवतात? हे एखाद्या मजुराला त्याच्या भाषेत कसे समजावून सांगाल?

३. लूक १०:३०–३७ वाचा. शोमरोन्याने केलेल्या कृतींची यादी करा. त्यांतील कोणत्या आपल्या सेवाकेंद्रात होतात आणि कोणत्या राहून जातात?

४. आपल्या मंडळीच्या मदतनिधीतून शिधा आणि दुसऱ्या फेरीचे भाडे यांसाठी किती रक्कम वेगळी ठेवता येईल?

प्रार्थनेचे विषय

वीटभट्ट्यांवर आणि गोदामांत राबणाऱ्या हातांचे रक्षण व्हावे म्हणून. शासकीय रुग्णालयांत मोठ्या गर्दीतही रुग्ण नीट तपासणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि एक्स-रे विभागातील कर्मचाऱ्यांसाठी. पाड्यापाड्यांत फिरणाऱ्या आशाताई आणि आपल्या कार्यकर्त्यांसाठी. आणि आज हात बांधून घरी बसलेल्या, उद्याच्या भाकरीची चिंता करणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी, की तारीख येईपर्यंत त्यांना धीर मिळावा आणि त्या तारखेला त्यांच्यासोबत जाणारे कोणी असावे.